गोलसमोरची वाळू

आयर्लंडमध्ये कुठलाही फॉर्म घ्या, त्यात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतोच. पहिली दोन वर्षं मी तिथे ‘आश्रित’ लिहीत होते, कारण माझ्या व्हिसाचा अर्थ तोच होता. नवऱ्याला हॉस्पिटलात नोकरी आणि मी त्याच्या मागून आलेली. तिसऱ्या वर्षी दातांच्या दवाखान्यात फॉर्म भरताना काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी त्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘गोलकीपर’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईने ते वाचलं, माझी टेप गुंडाळलेली बोटं बघितली आणि म्हणाली, “मग दात तरी सांभाळ गं.”

हे काम मी सात हिवाळे केलं. मलिंगारपासून थोड्या अंतरावरच्या एका गावचा क्लब, बायकांच्या लीगमधला सगळ्यात खालचा विभाग. त्याच्या खाली फक्त गाईंचं कुरण. या वसंत ऋतूत डाव्या हाताचं मधलं बोट तिसऱ्यांदा मोडलं आणि मी हातमोजे उतरवले. दिवाळी अंकासाठी ‘परदेशातल्या कामाबद्दल लिहा’ असं पत्र आलं, तेव्हा मी सकाळी ज्या औषधांच्या दुकानात उभी असते त्याबद्दल लिहीन, असं संपादकांना वाटलं असणार. तिथे मी खोकल्याची औषधं देते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं जे आहे त्यात माझी एक चूक आहे, आणि तिच्यापर्यंत जायचं तर आधी काम समजून घ्यावं लागेल.

गोलकीपर चेंडू अडवते असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. नव्वद मिनिटांत मी चेंडू अडवते ती दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ मी ओरडते. पुढे खेळणाऱ्या दहा जणींना त्यांच्या पाठीमागचं दिसत नाही. मला अख्खं मैदान दिसतं. डावीकडे कोण मोकळी सुटली, कुणाच्या मागून कोण येतंय, चेंडू कुणी सोडायचा, हे त्यांना सतत सांगत राहणं म्हणजे माझं काम. कीपर गप्प झाली की समजावं, तिचं लक्ष उडालंय.

दुसरी गोष्ट कोनाची. समोरची एकटी चेंडू घेऊन धावत आली तर रेषेवर थांबून उपयोग नसतो. तिच्या अंगावर जायचं. आपण जितकं तिच्या जवळ, तितका आपल्या पाठीमागचा गोल तिला लहान दिसतो. पण एक पाऊल जास्त झालं की ती चेंडू डोक्यावरून उचलून टाकते, आणि मान वळवून आपलाच गोल होताना बघावा लागतो. या धंद्यातलं सगळं शहाणपण त्या एका पावलात आहे. मला ते सात वर्षांत निम्मं आलं.

आणि तिसरी, टाचेची खूण. सामना सुरू व्हायच्या आधी दोन खांबांच्या बरोबर मधोमध, गोलच्या चार पावलं पुढे, टाच ओढून जमिनीवर एक रेघ मारायची. धावपळीत आपण कुठे उभ्या आहोत ते मागे न बघता कळतं. आमच्या मैदानाच्या खालच्या टोकाला, गटाराकडच्या गोलसमोर, ही रेघ फार सुरेख उठायची. बाकीच्या मैदानात काळा चिखल आणि तिथे मात्र पिवळसर वाळू. चार वर्षं मी त्या वाळूत रेघ मारली. ती वाळू तिथे कशी, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. शेजारच्या गावच्या संघाची फॉरवर्ड बर्नी. पन्नाशीच्या आसपासची, स्वतःचं केस कापायचं दुकान असलेली. ती पळत नाही, ती बोलते. कॉर्नर घेतला जात असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “काय गं, कुणी केलं हे तुझ्या केसांचं? त्याला पोलिसांत दे.” मी हसले. तेवढ्यात चेंडू तिच्या गुडघ्याला लागून आत गेला. पुढच्या गुरुवारी मला तिच्याच दुकानात जावं लागलं, कारण त्या बाजूला दुसरं दुकान नाही. गळ्याला फडकं बांधलेलं, पळायची सोय नाही, आणि बर्नी कात्री हवेत नाचवत रांगेतल्या बायकांना त्या गोलचं वर्णन करतेय. प्रत्येक वेळी सांगताना तो गोल पाच-पाच यार्ड लांबून मारलेला होत होता.

आता मी कुठून आले ते. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत, पण ती पोरांची. मुलींचा संघ फक्त शाळेपुरता होता. त्यात गोली व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण तोंडावर चेंडू बसला तर लग्न कसं व्हायचं. मी उंच होते आणि मला लग्नाची काळजी नव्हती.

माझे बाबा छापखान्यात कंपोझिटर. दिवसभर लग्नपत्रिका जुळवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं. झाडूवाल्यांची, यंत्रमागवाल्यांची, पाण्यासाठी, भाड्यासाठी. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. पत्रकांना घडी घालत गृहपाठ केला. बाबांबरोबर कारखान्यांच्या गेटवर उभी राहिले आणि लोकांच्या दारांतही गेले. कुणा मालकाचं, मुकादमाचं नाव पत्रकात घालायचं असलं तर बाबा छापायच्या आधी त्याच्या दारात जायचे, चष्मा लावायचे आणि अख्खा मजकूर त्याला वाचून दाखवायचे. कुणी कुत्रं सोडायचा, कुणी खुर्ची द्यायचा. एकाने तर मधेच थांबवून पगाराचा आकडा दुरुस्त करून दिला होता. लहानपणी मला ही पद्धत वेळखाऊ वाटायची.

आमच्या क्लबची मैदानं दोन. पुढचं आणि मागचं. पुढच्या मैदानाखाली पाण्याचा निचरा होण्यासाठी पाइप घातलेले, कडेला बाकं, हिरवंगार गवत. ते पुरुषांचं. मागचं उताराचं, गटाराला लागून. ते आमचं. हे कुणी ठरवलं, विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. “नेहमीच तसं आहे,” असं उत्तर यायचं. मला या उत्तराचा लहानपणापासून राग आहे. जगातला प्रत्येक अन्याय स्वतःची ओळख अशीच करून देतो.

पुढच्या मैदानाच्या गेटला कुलूप, आणि त्याची चावी मॅटीकडे. मॅटी सत्तरीचा. बोगमधून टर्फ कापणाऱ्या कंपनीत आयुष्य गेलं. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवायचं जळण. आता तो मैदानावर रेषा मारायचा, जाळ्या बांधायचा. नेहमी गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बोलला तर पावसाबद्दल. इथे सगळे त्याला नुसतं मॅटी म्हणायचे. बापाच्या वयाच्या माणसाला असं नावाने पुकारायला माझी जीभ वळेना, आणि मॅटीकाका म्हटलं तर त्याला कळणार नाही. म्हणून चार वर्षं मी त्याला ‘हॅलो’ या एकाच नावाने हाक मारत होते. एवढंच आमचं संभाषण.

चौथ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरमधल्या एका रविवारी आमचा सामना होता. समोरचा संघ बस करून आलेला. रेफरी खालच्या गोलसमोर गेला आणि त्याचा बूट घोट्यापर्यंत आत गेला. त्याने मान हलवली. सामना रद्द. पुरुषांचा संघ त्या दिवशी बाहेरगावी होता. पुढचं मैदान रिकामं, हिरवं, टणक, आणि गेटला कुलूप. मॅटीचा फोन बंद. दोन संघांच्या बायका पावसात कुलपाकडे बघत अर्धा तास उभ्या.

लीगचा नियम असा होता, की एका मोसमात आपल्या मैदानावरचे तीन सामने मैदान खराब म्हणून रद्द झाले, तर संघ लीगमधून बाद. आमच्या संघात कोण होत्या? एक नर्स, दोघी दूध काढणाऱ्या, मांसाच्या कारखान्यात काम करणाऱ्या तीन ब्राझिलियन, एक बसड्रायव्हर. कुणालाही दुसरा क्लब घेणार नव्हता. आणि हा संघ गेला की त्या रकान्यात मी पुन्हा ‘आश्रित’.

मी पत्रक लिहिलं.

आमची कप्तान नोरीन, तीच ती नर्स. तिला मी मजकूर दाखवला. ‘मैदान कुणाचं? चार वर्षं आम्ही पुढचं मैदान मागतो आहोत. निचरा त्यांना, चिखल आम्हाला. सगळ्या गावाच्या मैदानाची चावी एका माणसाच्या, मॅटीच्या, खिशात का?’ आणखी बरंच होतं. नोरीनने दोनदा वाचलं.

“जोरदार आहे,” ती म्हणाली. “मॅटीचं नाव हवंच का पण?”

“नाव नसलं तर ते पत्रक नाही नोरीन, तो हवामानाचा अंदाज.”

“बरं. तुला जास्त कळतं.”

मी ते होकार म्हणून घेतलं. आयर्लंडमध्ये ही नकार देण्याची सभ्य रीत आहे हे मला फार उशिरा उमगलं.

लायब्ररीच्या प्रिंटरपाशी गेल्यावर बघते, तर पानाच्या तळाशी तीन बोटं जागा कोरी. छापखान्यात वाढलेल्या माणसाला कोरी जागा बघवत नाही. कागद वाया घालवायचा नाही. मी तिथल्या तिथे एक ओळ वाढवली: ‘आणि सामन्याच्या दिवशी हा चावीवाला कुठे होता?’ वाचून पाहिलं. सगळ्या पानात हीच ओळ सगळ्यात धारदार वाटली.

पुढच्या रविवारी पुरुषांच्या सामन्याला मी गेटवर उभी राहिले, कोल्हापुरात राहायचे तशी, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद देत.

“रॅफल आहे का?” एका म्हाताऱ्याने विचारलं. इथे गेटवर कागद म्हणजे सोडत, दुसरं काही नाही.

“रॅफल नाही.”

“मग बक्षीस काय?”

“मैदान.”

“अख्खं?” तो म्हणाला, आणि कागद घडी घालून टोपीत ठेवला.

मंगळवारी क्लबच्या कमिटीची सभा. खुर्च्या कमी पडल्या, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं म्हणे. मी बोलले, ब्राझिलियन मुली बोलल्या. शेवटी ठराव झाला: पुढच्या मोसमापासून एकाआड एक रविवारी पुढचं मैदान बायकांना. टाळ्या पडल्या. कुणीतरी मला मिठी मारली. त्या गडबडीत मागे हीटरजवळ बसलेला मॅटी उठला, टेबलापाशी आला, बिस्किटांच्या बशीशेजारी चावी ठेवली आणि म्हणाला, “चला, तुम्हाला शुभेच्छा.” आणि गेला. मला वाटलं, हरलेला माणूस असाच जातो.

मी पत्रकाचा फोटो बाबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

“लई झ्याक लिहिलंयस. मागणी पहिल्याच ओळीत. पर ह्यो मॅटी कोण?”

“चावीवाला, बाबा. त्याच्याकडेच सगळं असतं.”

“छापायच्या आधी त्याच्या दारात गेलीवतीस का?”

मी म्हटलं, “इथे तशी पद्धत नाही.”

“पद्धत गावाची न्हाई. पत्रकाची हाय.”

“बाबा, आम्ही जिंकलो.”

“ते बरंच झालं की. आन् ही खालची ओळ मागनं घातलीयास न्हवं?”

“कशावरून?”

“जागा भराय घातल्याली ओळ मला लांबनं कळती, पोरी. जल्म त्यातच गेला माझा.”

मी रागाने फोन ठेवला. ठराव झाला होता, बायका हसत होत्या, आणि हे कोल्हापुरात बसून एका ओळीत खोट काढतात. आठवडाभर मी चिडलेली होते. ज्या माणसाचं म्हणणं खरं असतं त्याच्यावरच इतका वेळ चिडता येतं.

जानेवारीत आमचा पुढचा सामना. ठराव पुढच्या मोसमाचा, त्यामुळे हा मागच्याच मैदानावर. मी सगळ्यांत आधी पोचले. खालच्या गोलसमोर तळं. त्यात दोन बदकं पोहत होती. रेफरीने बूट घालायचेही कष्ट घेतले नाहीत. दुसरा सामना रद्द.

“हे असं कधीच झालं नव्हतं,” मी नोरीनला म्हटलं. “नोव्हेंबर सोडला तर.”

“आता वाळू नाही ना.”

“कसली वाळू?”

नोरीन माझ्याकडे बघत राहिली. हॉस्पिटलात ती कुणाला वाईट बातमी सांगताना असंच बघत असेल.

“अ‍ॅश, चार वर्षं तू त्या वाळूवर उभी आहेस.” माझं नाव अश्विनी, पण इथे मी अ‍ॅश.

“मला वाटलं, तिथली जमीनच तशी आहे.”

“बोगच्या जमिनीत वाळू उगवते? मॅटी टाकायचा. दर रविवारी, चर्चला जायच्या आधी. स्वतःच्या ट्रॅक्टरने.”

“आणि नोव्हेंबरमध्ये?”

“त्याची बहीण वारली ना, डंडॉकला. तीन दिवस तो तिथेच होता, चावी खिशातच राहिली. रेडिओवर सांगितलं होतं की.”

इथल्या स्थानिक रेडिओवर रोज सकाळी कोण वारलं ते वाचून दाखवतात. सगळा परगणा ते ऐकतो. मी त्या वेळी कानात इयरफोन घालून पुण्या-मुंबईची भाषणं ऐकत असते.

“पुढचं मैदान आपल्याला द्या म्हणून कमिटीत दर वर्षी कोण बोलायचं, माहितीय?” नोरीन म्हणाली. “तोच. एकटा. ते नाही म्हणायचे आणि हा गेटला कुलूप लावून यायचा, कारण लावायचं काम त्याचं.”

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“विचारलं होतं की मी. नाव हवंच का म्हणून.” मग म्हणाली, “आणि ती शेवटची ओळ तू मला दाखवली नव्हतीस.”

मला तेव्हा कळलं ते असं. मी ज्या पत्रकांवर वाढले त्यांत जमीन, यंत्र, चावी ज्याच्या हातात तो मालक. इथल्या क्लबात मालकच नाही. कुणी रेषा मारतं, कुणी जर्सी धुतं, कुणी सँडविच करतं. ज्याच्याकडे चावी तो फक्त सगळ्यांच्या आधी उठणारा माणूस असतो. अन्याय होता, तो आजही आहे. पण तो मिळून-मिसळून केलेला होता. बिस्किटं खात हात वर करणाऱ्या नऊ जणांचा. आणि मी नाव छापलं ते दहाव्याचं.

लीगचं पत्र आलं. दोन सामने रद्द झाले, आणखी एक झाला तर संघ बाद. तिसरा सामना तीन आठवड्यांवर.

मी मॅटीच्या घरी गेले. बोगच्या रस्त्यावर एकटं बसकं घर, दारात टर्फची रास. त्याने दार उघडलं. मागे कुत्रं उभं. मी खिशातून पत्रक काढलं.

“मॅटी,” मी म्हटलं. पहिल्यांदाच. “मला हे तुमच्यासमोर वाचायचं आहे. छापायच्या आधी वाचायला हवं होतं.”

“वाचलंय मी. डोळे चांगले आहेत माझे.”

“तरीही वाचते.”

तो चौकटीला टेकून उभा राहिला. मी वाचायला लागले. स्वतःचं पत्रक त्यातल्या माणसाच्या तोंडावर वाचताना प्रत्येक विशेषण जड होतं. गेटवर जे वाक्य सुरीसारखं वाटलं होतं ते त्या दारात नुसतं उर्मट वाटलं. शेवटची ओळ गाळावीशी वाटली. पण वाचली. ‘आणि सामन्याच्या दिवशी हा चावीवाला कुठे होता?’

कुत्रं आत गेलं.

“डंडॉकला होतो,” मॅटी म्हणाला.

“हो. आता कळलं. मला माफ करा.”

“ग्रँड,” तो म्हणाला. इथे भाजलेल्या माणसालाही कसा आहेस विचारलं तर तो ग्रँड, म्हणजे उत्तम, म्हणतो.

मग त्याने हात पुढे करून कागद घेतला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “इथे चार वर्षं लिहिलंयस. सहा आहेत. तू आलीस तिथून मोजलंस. मागणी तुझ्या आधीची आहे.”

“दुरुस्त करते.”

“बाकी मागणी बरोबर आहे.”

मी विचारलं, “परत याल का?”

“नाही.”

एवढंच. मी वळले, तेव्हा मागून आवाज आला.

“वाळू शेडच्या पाठीमागे आहे. आधी बागकामाच्या चार दातांच्या काट्याने जमीन टोचायची, खोल. पाणी उतरू द्यायचं. मग वाळू. पाणी असताना टाकलीस तर लापशी होईल.”

“किती टाकायची?”

“बघून कळतं,” तो म्हणाला आणि दार लावलं. आपटलं नाही. पण चहा विचारला नाही. या देशात दारातून चहा न विचारता परत पाठवलेली मी एकटीच असेन.

मी दुसरं पत्रक छापलं. त्यात चूक कबूल केली, मॅटीच्या बहिणीबद्दल लिहिलं, सहा वर्षं केली, आणि मागणी तशीच ठेवली. त्याच गेटवर उभी राहून वाटलं. आधीच्याइतकी माणसं थांबली नाहीत. खुलाशाचं पत्रक कुणी टोपीत ठेवत नाही.

तिसऱ्या सामन्याच्या दिवशी उजाडता उजाडता नोरीन आणि मी खालच्या गोलसमोर. रात्री पाऊस होऊन गेलेला. काटा रोवायचा, त्यावर उभं राहायचं, हलवायचा, काढायचा. पाणी बुडबुडे काढत खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. तासाभरात माझ्या हातांना फोड. मग एकचाकी गाडीने वाळू. आणखी एक गाडी. मी घाबरलेली होते, म्हणून आणखी एक. नोरीन म्हणाली, “पुरे की आता.” मी म्हटलं, “रेफरीचा बूट अजिबात आत जाता कामा नये.” मग आणखी दोन.

रेफरी आला. त्याने बूट टेकवला, दाबला, उडी मारली. बूट वर राहिला. “खेळा,” तो म्हणाला. नोरीनने तोंड फिरवून डोळे पुसले. संघ वाचला तो त्या क्षणी वाचला. पुढे काय होईल त्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

समोर बर्नीचाच संघ. उत्तरार्धात मी खालच्या गोलमध्ये आले आणि वाळूत टाचेने रेघ मारली. ती मारताना पहिल्यांदाच माझं लक्ष वाळूकडे होतं.

“अगं बाई, समुद्रकिनारा!” बर्नी ओरडली. “आधी सांगायचंस, पोहायचे कपडे आणले असते.”

“तू पळ फक्त,” मी म्हटलं. “आयुष्यात एकदा तरी.”

गोलमागच्या तारेच्या कुंपणापलीकडे रस्त्यावर मॅटी उभा होता. हात खिशात. मैदानात आला नाही. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा ओरडायला लागले.

एक-एक अशी बरोबरी. शेवटची मिनिटं. आमच्या बचावातून चेंडू निसटला, आणि खरोखर, आयुष्यात एकदा, बर्नी पळाली. एकटी, थेट माझ्याकडे. मी पुढे झेपावले. कोन बरोबर होता, वेळ बरोबर होती. फक्त पहिलंच पाऊल खेळून भुसभुशीत झालेल्या वाळूत घोट्यापर्यंत रुतलं. अर्धं पाऊल मागे पडले मी, आणि तेवढ्या फटीतून बर्नीने चेंडू अलगद आत सारला.

दोन-एक. हरलो. बर्नीने मला उठवलं, माझ्या केसांतली वाळू झटकली आणि म्हणाली, “गुरुवारी ये, धुऊन देते.”

सगळ्या आत गेल्या. मी जाळी सोडत होते. कुंपणापलीकडून मॅटी गोलसमोरची जमीन बघत होता, डॉक्टर एक्स-रे बघतात तसा.

“वाळू जास्त झाली,” तो म्हणाला.

“कळलं.”

“बघून कळतं म्हटलं होतं.” आणि तो निघाला.

तो क्लबात परत आला नाही. कुंपणाबाहेर मात्र येतो, आजही. चावी कुणीच घेईना, तेव्हा ती माझ्याकडे आली. तीन वर्षं ती माझ्या कोटात आहे. पुढचं मैदान आम्हाला एकाआड एक रविवारी मिळतं, पुरुषांचा कपचा सामना असला की तेही नाही. तेव्हा गेटला कुलूप मी लावते. मी कमिटीत त्याविरुद्ध बोलते, नऊ हात वर होतात, आणि मी जाऊन कुलूप लावते.

या शरद ऋतूत माझ्या जागी नवी कीपर आली आहे, गॉलवेला शिकून इथे नोकरीला लागलेली. गेल्या रविवारी ती मागच्या मैदानावर, खालच्या गोलपाशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आजचा दिवस आपला होता. गेट बंद का? चावी तुमच्याकडेच असते ना?” आवाज चढलेला. बोलता बोलता तिच्या टाचेने वाळूत रेघ मारून झाली होती. वाळूबद्दल तिने काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी वाळू टाकते म्हणून तिच्या मागणीतून मला सूट नको आहे.

तिचं पत्रक येणार. यायलाच हवं, आणि त्यात माझं नाव असेल तर असू दे. छापायच्या आधी ती माझ्या दारात आली तर मी चहा टाकीन. नाही आली, तरी रविवारी उजाडता मला काटा घेऊन जायचंच आहे.